जागा : दोन

फॉर्ममध्ये आधी आडनाव.
लांजेवार मंजुश्री तुळशीराम.
वडिलांचा व्यवसाय : खाली उघडणारी यादी,
शेती, नोकरी, व्यापार, इतर.
इतरवर बोट ठेवलं.

इतर म्हणजे मार्च ते जून
लाखांदूर-वडसा रस्त्यावर लुना,
मागे कूलरच्या गवताचे भारे.
जुन्या ताट्या उसवायच्या,
क्षारानं दगड झालेलं गवत नालीकाठी झटकायचं,
नवं भरून तारेनं शिवायचं
आणि पंपाला कान लावून ऐकायचं, बराच वेळ,
डॉक्टर ऐकतात तसं.

सेतू केंद्रातला निकेश म्हणतो,
ताई, फोटो पन्नास केबीच्या आत पायजे.
तो मला लहान लहान करत जातो.
दोनशे. नव्वद. अठ्ठेचाळीस.
टिकली उरते, डोळे पुसट होतात.
चालते, म्हणतो.

शिफारसपत्रं तीन.
गाईड मॅडमचं आलं.
विभागप्रमुखांचं मीच लिहायचं, ते सही करणार.
स्वतःला 'अत्यंत मेहनती' लिहिलं,
मग 'अत्यंत' खोडलं.
तिसरं हटवार सरांचं. सर रिटायर, पवनीला असतात.
इमेलचा पासवर्ड वहीत लिहिलाय,
वही मुलीकडे,
मुलगी भिलाईला.
दोन दिवस मी भिलाईला फोन लावत होते.

मग तो मोठा रिकामा चौकोन :
संशोधन का करायचं आहे? पाचशे शब्दांत.
सच्छिद्र माध्यमांतील बाष्पीभवनाविषयी
इंग्रजीत एक वाक्य लिहिलं.
कडक इस्त्रीचं वाक्य. कुणाच्याही अंगाला आलं असतं.

चौथीत होते. बाबांसोबत पिशवी धरायला जायची.
मृगाच्या आधीचे ते चिकट दिवस,
गिऱ्हाईक बाई ओरडत होती, नवं गवत टाकून बी गार होत नाही म्हणून.
बाबांनी बोट जिभेवर ओलं केलं,
वर धरलं, थांबले.
"गवताचा दोष नाही बाई.
आज हवेतच जागा नाही."
बाई हसली. मीही हसले,
तिच्या बाजूनं.

एम.एस्सी.ला दोन थर्मामीटर हाती आले,
एक कोरडा, एकाच्या फुग्याला ओली चिंधी.
जूनच्या एका संध्याकाळी दोन्हींत फरक जेमतेम एक अंश,
आणि मी वहीत आकडा लिहायचा सोडून
खिडकीकडे बघत बसले.

पण हेही उत्तर नव्हे, हे तर पुस्तकात आहे.
पुस्तकात मला सापडलं नाही ते असं :
ताटीवर क्षार आधी कडेलाच का धरतो,
मधे का नाही,
आणि त्याची रेघ सरळ न येता
बोडीचं पाणी हटल्यावर काठावर उरते
तशी वाकडी का येते.
बाबांना विचारलं होतं.
"मले का मालूम? तीस वर्षं झटकून ऱ्हायलो फक्त."

इस्त्रीचं वाक्य पुसलं.
हे लिहिलं, माझ्या मोडक्या इंग्रजीत.
दोनशे अकरा शब्द झाले. निकेश म्हणाला, अजून जागा हाये ना ताई.
म्हटलं, असू दे.

चार चाळीसला लाईट गेली.
इन्व्हर्टर दहा मिनिटांचा.
गोल फिरत राहिला, फिरत राहिला,
मग आठ आकडी नंबर.
निकेशनं प्रिंट काढायचे पाच रुपये घेतले नाहीत.
लाईट नव्हती, प्रिंट निघालीच नव्हती.
नंबर तळहातावर लिहून बाहेर आले.

बाबा लुनाला टेकून उभे.
"झालं?"
"हाव."
"किती जागा हायेत?"
"दोन."
"पुऱ्या देशात?"
"हाव."

ते काही बोलले नाहीत.
सवयीनं बोट ओलं केलं, वर धरलं.
एप्रिलचं ऊन, नालीसुद्धा कोरडी.
बोट धरलं न धरलं तोच वाळलं.

"बैस," म्हणाले,
"अन् गवत धरून ठेव. उडते."